जमिनीवर न चालणारी डिस्क

मी, गल्लीत आणि गल्लीबाहेर ‘कॅसेटवाल्या वहिनी’ म्हणून ओळखली जाणारी, वय बहात्तर, धंदा व्हिडिओ लायब्ररी आणि प्लेअर दुरुस्ती (आता बंद), हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, दुकानामागच्या खोलीत बसून, स्वखुशीने करीत आहे. माझी शुद्ध जाग्यावर आहे. डॉक्टरांनी ती तपासण्यासाठी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला, आणि त्यांच्या शर्टाचे दुसरे बटण तिसऱ्या काजात गेले आहे हेही सांगितले. माझ्यावर कोणाचाही दाब नाही. दाब आणू पाहणारे एकच गृहस्थ होते, ते माझे दीर. त्यांचे काय करायचे ते कलम तीनमध्ये आहे.

वकीलबाईंनी मसुद्यात माझ्यापुढे ‘विधवा’ असा शब्द घातला आहे. कोर्टाच्या कागदाप्रमाणे तो बरोबर आहे. मला त्याबद्दल जे सांगायचे आहे ते कलम चारपासून पुढे आहे. ते वाचून ज्याने त्याने आपापले ठरवावे.

कलम एक. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी माझ्या सहीचा दुसरा कागद पुढे केलाच, तर तो खोटा समजावा. याची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी.

कलम दोन. हे घर, म्हणजे खाली शटरचे दुकान, मागची खोली व मोरी, वर दोन खोल्या आणि गच्ची, मला माझ्या सासूबाईंच्या मृत्युपत्राने मिळाले. ते संपूर्ण माझ्या एकुलत्या एक लेकीला मिळावे. ती शाळेत भूगोल शिकवते. तिने घर विकावे की ठेवावे हे तिचे तिने पाहावे. मात्र गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचे झाकण वाऱ्याने उडते, ते आधी बसवून घ्यावे. वरच्या मागच्या खोलीबद्दल कलम आठ पाहावे. बँकेत जे काही शिल्लक असेल तेही लेकीचेच. शिलाई मशीन भांडीवाल्या मावशींना द्यावे. गेली कित्येक वर्षे त्या त्याच्याकडे बघत भांडी घासत आल्या आहेत.

कलम तीन. माझ्या दिरांना मी मागच्या खोलीचे पितळी कुलूप देते. किल्ली देऊ शकत नाही, कारण ती त्यांच्याकडेच आहे. यजमान नाहीसे झाले त्या आठवड्यात त्यांनी ती ‘जपून ठेवतो’ म्हणून नेली, आणि ती इतकी जपली की मला कडी कापून दार उघडावे लागले. आता कुलूप आणि किल्ली एका घरात नांदोत.

कलम चार. आता यजमानांबद्दल.

आमचे दुकान आधी कॅसेटचे होते, पुढे डिस्कचे झाले. लोक घरोघरी केबल घेऊ लागले तसे गिऱ्हाईक पातळ झाले. यजमानांचा यंत्रांवर हात चांगला होता. त्यांना प्रवासी जहाजावर नोकरी लागली. जहाजाच्या पोटात एक लहानशी खोली असते. तिथे प्लेअरची रांग लावलेली असते आणि तिथून सगळ्या केबिनमधल्या टीव्हींवर सिनेमे सोडतात. ती खोली त्यांच्या ताब्यात होती. दुकान मी सांभाळायचे असे ठरले.

पहिल्या सुट्टीत ते आले तेव्हा जहाजावरून बाद झालेल्या डिस्क पिशवी भरून घेऊन आले. आम्ही सगळे टीव्हीपुढे बसलो. सासूबाई, मी, आणि तेव्हा शाळेत असलेली लेक. डिस्क आत गेली, फिरली, आणि पडद्यावर पाटी आली की ही डिस्क तुमच्या विभागात चालणार नाही.

“आपल्या विभागात म्हणजे? या गल्लीत?” सासूबाईंनी विचारले.

यजमान हसत सुटले. मग त्यांनी हातातले संत्रे सोलले आणि फोडी ताटलीत मांडल्या. “आई, हे बघ. सिनेमावाल्यांनी जगाचे सहा तुकडे केलेत. एका तुकड्यात सिनेमा आधी येतो, दुसऱ्यात उशिरा. इकडची डिस्क तिकडे कोणी आधीच बघू नये म्हणून डिस्कवर एक आकडा घालतात आणि मशीनमध्येही एक आकडा. दोन्ही जुळले तर चालणार. नाहीतर ही पाटी.”

लेक म्हणाली, “मग या डिस्कवर कुठला आकडा आहे?”

“आठ.”

“तुकडे तर सहाच आहेत!”

“सात राखीव ठेवलाय, कोणालाच दिलेला नाही. आणि आठ आमचा. जहाजांचा आणि विमानांचा. जिथं कुठलाच देश नसतो तिथला.”

सासूबाईंनी एक फोड उचलून तोंडात टाकली. “जिथं देश नाही तिथं माणसानं फार दिवस राहू नये,” त्या म्हणाल्या. त्यावरही यजमान हसले. मग त्यांनी आईच्या पायांवरची चादर सारखी केली आणि ते गच्चीवर गेले.

त्यानंतर ते दोनदा आले. मग गेले ते परत आलेच नाहीत.

कंपनीच्या माणसाने येऊन सांगितले ते इतकेच. सकाळच्या पाळीला ते आले नाहीत. केबिनमध्ये अंथरुणाची घडी होती, चपला पलंगाखाली होत्या. समुद्र शांत होता. जहाज वळवून शोध घेतला, काही सापडले नाही. हा माणूस आमच्या दुकानात बसून माझी वाट पाहत होता, कारण मी त्या वेळी पोस्टात गेले होते. यजमानांसाठी मी राखाडी लोकरीचा स्वेटर विणला होता. डाव्या बाहीच्या टोकाला लोकर संपली म्हणून मनगटाची पट्टी विटकरी लोकरीने पुरी केली. तो स्वेटर मी जहाजाच्या पुढच्या बंदराच्या पत्त्यावर पाठवून घरी आले, तर हा निरोप. म्हणजे मी पार्सल टाकले तेव्हा यजमान आधीच नाहीसे झालेले होते.

त्यांची पेटी घरी आली. कपडे, दाढीचे सामान, स्क्रूड्रायव्हरचा संच. पार्सल मात्र परत आले नाही. मी चौकशी केली. जहाजावर पोचले, एवढेच कळले.

कलम पाच. स्क्रूड्रायव्हरचा तो संच, सोल्डरिंगची कांडी, भिंग, लेन्स पुसायचे ब्रश आणि दुकानातले इतर सामान मी वापरले आहे, त्यामुळे ते माझेच धरावे. हे काम मला टीव्ही दुरुस्त करणाऱ्या ज्या गृहस्थांनी शिकवले त्यांना सगळी गल्ली अँटेनाराव म्हणते. उंच, काटकुळे, आणि जन्म कोणाच्या ना कोणाच्या गच्चीवर गेलेला. मृत्युपत्रातही मी त्यांना त्याच नावाने लिहीत आहे.

लेकीने विचारले होते की आई, तू नक्की काय करायचीस त्या मशीनचे, म्हणून लिहिते. लोकांची मुले-नातवंडे दूरदेशी होती. ती तिकडून डिस्क पाठवत आणि इथे पडद्यावर पाटी येई. लोक माझ्याकडे प्लेअर घेऊन येत. पुष्कळ मशीनमध्ये एक लपलेला मेनू असतो. रिमोटची ठरावीक बटणे ठरावीक क्रमाने दाबली की तो उघडतो. तिथे विभागाच्या आकड्याच्या जागी शून्य टाकले की मशीन कुठल्याही विभागाला नाही म्हणत नाही. काही डिस्क बेरकी असतात. मशीन शून्यावर आहे हे त्या ओळखतात आणि अडून बसतात. मग त्यांचा नेमका आकडा घालावा लागतो. आणि घरी किंवा स्टुडिओत भरलेल्या डिस्क, म्हणजे बारसे, लग्न, सहल वगैरे, त्यांच्यावर आकडा नसतोच. त्या कुठेही चालतात. ही शेवटची गोष्ट नीट लक्षात ठेवावी, पुढे लागणार आहे.

एक म्हातारी शेजारीण नातवाची डिस्क चालू झाल्यावर माझा हात धरून म्हणाली होती, “तुम्ही कुलपं उघडता हो वहिनी!” दिरांनी किल्ली नेल्यापासून मला तेवढेच जमत होते.

कलम सहा. कायद्याने जितके थांबायचे तितके थांबून झाल्यावर दिरांनी घाई केली. “वहिनी, दादा गेला हे कोर्टाकडून एकदा लिहून घेऊ. मग वाटणीचं बघता येईल.” मी सही केली. सासूबाईंना विचारून केली. त्या म्हणाल्या, “कागदावर काय लिहायचंय ते लिहा. माझ्या पोटात काय लिहिलंय ते कोर्टाला वाचता येणार नाही.” त्यांना तेव्हा डोळ्यांनी फारच कमी दिसायला लागले होते. पुढे त्यांनी स्वतःच वकील बोलावून घर माझ्या नावे करून ठेवले, आणि वाटणीचे तोंड तिथेच बंद झाले.

कोर्टाने यजमानांना मृत ठरवले. त्यानंतर काही दिवसांनी अँटेनाराव दुकानाच्या पायरीवर बसून बराच वेळ एका पिळदार वायरचा गुंता सोडवत राहिले. मग वर न बघताच म्हणाले, “तुमची हरकत नसेल तर आपण लग्न करू या. घाई नाही. पण फार उशीरही नको, माझे गुडघे दुखतात.”

माझे केस पिकले होते. लेक शिकायला दुसऱ्या गावी होती. मी तिला फोन केला. ती म्हणाली, “आई, अँटेनाकाकांनी इतकी वर्षं विचारलं नाही याचंच मला नवल वाटतं.” सासूबाई ऐकून म्हणाल्या, “चांगला माणूस आहे. चहा फार गोड पितो, तेवढं बघ.” मी होकार दिला.

त्याच सुमारास यजमानांचे जहाज मोडीत निघाले. मोडीच्या किनाऱ्यावरून जहाजातले पलंग, आरसे, पंखे, भांडी सगळे बाजारात विकायला येते. अँटेनारावांनी तिथून माझ्यासाठी भेट आणली: जहाजाच्या त्या खोलीतला एक प्लेअर. “त्यांच्या हाताखालचं मशीन आहे,” ते म्हणाले. “वाटलं, घरी असावं. कोणाच्या तरी टपरीत जाण्यापेक्षा.” दुसरा कोणी असता तर पहिल्या नवऱ्याची वस्तू घरात आणलीच नसती. मशीनबरोबर विकणाऱ्याने डिस्कचे एक खोके फुकट गळ्यात मारले होते.

मशीन आठवरच होते, आणि पक्के. लपलेला मेनू नाही, काही नाही. आत चिपमध्येच आकडा बसवलेला. दुकानातली आकड्याची कुठलीही डिस्क ते घेईना. “निदान खोक्यातली घालून बघू,” अँटेनाराव म्हणाले. दुपारची वेळ होती, शटर अर्धे ओढलेले होते. सासूबाई खाटेवर पडल्या होत्या.

ती प्रवाशांना आठवण म्हणून विकायची डिस्क निघाली. जहाजाचा फोटोग्राफर प्रत्येक फेरीची अशी डिस्क भरत असे. वेष्टनावर फेरीची तारीख छापलेली होती. यजमान गेल्यानंतरच्या उन्हाळ्यातली. पडद्यावर वरचा डेक, ऊन, बॅन्ड वाजतो आहे, जोडपी नाचत आहेत. मागे कठड्याजवळ एक माणूस खुर्च्या उचलून एकावर एक रचत होता. पाठमोरा. कोणाचेच त्याच्याकडे लक्ष नव्हते. नाचणाऱ्या एका बाईचा झगा त्याला घासून गेला, तरी ती बाजूला झाली नाही.

त्याच्या अंगात राखाडी स्वेटर होता. भर उन्हात. डाव्या मनगटावरची पट्टी विटकरी.

अँटेनारावांनी माझ्याकडे पाहिले आणि पडद्याजवळ सरकले. शेवटची खुर्ची त्या माणसाने रचली नाही. ती हातात धरून तो वळला. ते यजमानच होते. नाचणाऱ्या लोकांमधून ते सरळ पुढे आले, खुर्ची खाली ठेवली, आणि वाकून काचेत डोकावले. बंद दुकानाच्या काचेला कपाळ लावून आत कोणी आहे का हे माणूस पाहतो, तसे. त्यांची नजर डावीकडून उजवीकडे फिरली. माझ्यावर आली आणि पुढे गेली. डावीकडे आमच्या खोलीत कपाट आहे, उजवीकडे सासूबाईंची खाट. खाटेवर नजर थांबली.

तेवढ्यात चित्र बदलले आणि जेवणाचे टेबल आले.

“हे जुनं चित्रण असेल,” अँटेनाराव म्हणाले. “एकदा काढून ठेवतात आणि दर फेरीच्या डिस्कमध्ये घालतात.”

“स्वेटर ते गेल्यावर पोचलाय,” मी म्हणाले.

खाटेवरून सासूबाई म्हणाल्या, “कोण आलंय? त्याला बसायला सांगा.”

कलम सात. मी त्या फोटोग्राफरला शोधून काढले. नोकरी सुटल्यावर तो एका बंदराच्या गावी पासपोर्ट फोटोंचे दुकान चालवत होता. दिवसभराचा प्रवास करून मी गेले. अँटेनाराव सोबत आले. फोटोग्राफर बोलका होता. डिस्कचे वेष्टन पाहून त्याने कपाळाला हात लावला.

“या डिस्कनी माझी नोकरी घालवली बाई! लोकांनी घरी नेल्या आणि एकाच्याही घरी चालल्या नाहीत. कोणीतरी आठचा आकडा घातला होता. मी भरताना विभागाची जागा कोरी ठेवायचो, नेहमी. आठवण म्हणून घ्यायची डिस्क आणि ती फक्त समुद्रावर चालणार, असं कोणी मुद्दाम करील का?”

मी विचारले, “नाचाच्या वेळी मागे खुर्च्या रचणारा माणूस कोण?”

“मागे कोणी नव्हतं. मी मागे दोरी बांधून जागा मोकळी ठेवायचो. फ्रेममध्ये नोकर आलेला साहेबाला चालत नसे.”

आम्ही डिस्क त्याच्या मशीनमध्ये घातली, लपलेला मेनू उघडून शून्य आणि आठ दोन्ही टाकून पाहिले. पाटी आली. आमच्या मशीनशिवाय ती जमिनीवर कुठे चालणारच नव्हती, आणि ते मशीन इतक्या लांब उचलून नेणे शक्य नव्हते. परतीच्या गाडीत अँटेनारावांनी डिस्क वेष्टनात घालून माझ्या हातात दिली. मग म्हणाले, “लग्नाचं आपण थोडं थांबू या.” मला जे बोलता येत नव्हते ते त्यांनीच बोलून टाकले.

खोक्यात त्याच फेरीच्या आणखी डिस्क होत्या. सगळ्या एकासारख्या एक. दुकान दुपारी मिटले की मी मशीन लावत असे. सासूबाई टीव्हीकडे तोंड करून बसत. त्यांना दिसत काही नसे, बॅन्ड ऐकू येई. ठरल्या जागी यजमान वळत, पुढे येत, डोकावत. दर वेळी नजर माझ्यावरून पुढे जाई आणि खाटेवर थांबे. वाईट वाटायचे, खोटे कशाला सांगू. स्वेटर मी विणला होता. पण आईला शोधणाऱ्या माणसावर रागावता येत नाही. मी खाट टीव्हीच्या समोर ओढून घेतली. त्या दिवसापासून त्यांची नजर इकडेतिकडे गेलीच नाही. ते आले की सरळ समोर पाहत. हे अँटेनारावांनीही पाहिले. भरलेल्या डिस्कवर असे होत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होते. त्यांनी मशीन उघडले, पुसले आणि पुन्हा बंद केले.

असे किती महिने गेले ते मी मोजले नाही. एके दिवशी सकाळी मी औषध आणायला गेले होते. परत आले तर सासूबाई दुकानात खुर्चीवर बसलेल्या, पायांवर चादर नीट पसरलेली, टोके टाचांखाली खोचलेली.

“कोणी आलं होतं का?” मी विचारले.

“आला होता.”

“गिऱ्हाईक?”

“मला काय ठाऊक. ‘बसू का थोडा वेळ’ म्हणाला. म्हटलं बस, उभ्यानं कशाला. बसला. मग चादर घातली पायांवर.” त्यांनी पाय किंचित हलवले. “टाचेखाली खोचतो बघ नेहमी. लहानपणापासूनची खोड. मला उकडतं, पण म्हटलं घाल.”

“मग?”

“मग गेला. तुझं विचारलं त्यानं. म्हटलं, बरी आहे, कामात असते.”

मी शटरपाशी जाऊन गल्लीत पाहिले. भाजीची गाडी, सायकल दुरुस्तीवाला, रोजची माणसे. समोरच्या शिंप्याला विचारले. तो म्हणाला, दुकानात कोणीच शिरले नाही. आजी एकट्याच बोलत होत्या. चादर तर वरच्या मजल्यावरच्या कपाटात ठेवलेली होती. सासूबाईंना जिना चढणे शक्य नव्हते.

अँटेनारावांना बोलावून घेतले. त्यांनी डिस्क घातली. डेक, ऊन, बॅन्ड, नाचणारी जोडपी. खुर्च्या मागे कठड्याशी नीट रचलेल्या. त्यांच्यापाशी कोणी नाही. त्या बाईचा झगा फिरला आणि मोकळ्या हवेतून गेला. आम्ही खोक्यातल्या सगळ्या डिस्क एकामागून एक घातल्या. सगळ्यांवर तेच.

अँटेनाराव जमिनीवर बसले. “डिस्क खराब होते तेव्हा चित्राचे चौकोन पडतात,” ते हळू म्हणाले. “आवाज तुटतो. चित्र अडकतं. डिस्कमधून माणूस निघून जात नाही.”

सासूबाई त्या महिन्याअखेर झोपेतच गेल्या. तोंडावर दुखणे नव्हते. पायांवरची चादर मी तशीच राहू दिली.

अँटेनारावांनी मला पुन्हा विचारले. मी म्हणाले, “आधी ते कुठे आहेत हे तरी ठाऊक होतं. आता तेही नाही. दार वाजलं की मी उठून बघते. असं ऊठबस करणाऱ्या बाईशी काय संसार करणार तुम्ही?” ते म्हणाले, “मग मी वरच्या खोलीत राहायला येतो. दोघं असलो की एक जण झोपू शकेल.” तेव्हापासून ते वरच्या मागच्या खोलीत आहेत. दार वाजले की कधी ते उतरतात, कधी मी उठते. आजवर आलेले सगळे जिवंत गिऱ्हाईकच निघाले. अजूनही ते चहात तीन चमचे साखर घालतात.

लेकीसाठी: बाळा, तू म्हणतेस की बाबा समुद्रात पडले आणि त्याच दिवशी गेले. तसे असू शकते. मी तुझ्याशी कधी वाद घातला नाही आणि आताही घालत नाही. तू ती डिस्क कधी पाहिली नाहीस, कारण तू सुट्टीला आलीस तोवर तिच्यात पाहण्यासारखे काही उरले नव्हते. वडील कसे गेले हे कोणी विचारले तर तुला जे पटते तेच सांग. फक्त दिवसा दुकानाचे शटर पूर्ण बंद ठेवू नकोस. अर्धे असू दे.

कलम आठ. ~~वरच्या मागच्या खोलीत राहण्याचा हक्क हयातभर अँटेनारावांना असावा. आठचे मशीन, डिस्कचे खोके आणि कलम पाचमधील सर्व हत्यारे त्यांना द्यावीत.~~

हे कलम मी खोडले आहे. ते का खोडले हे लेकीला नंतर कोणी उलटसुलट सांगू नये म्हणून झालेले बोलणे इथे लिहून ठेवते.

वकीलबाईंनी कागद मोठ्याने वाचला आणि त्या इथे थांबल्या. “वहिनी, अडचण आहे. अँटेनाराव साक्षीदार म्हणून सही करणार आहेत ना? ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्यानं साक्षीदार होऊ नये. त्याचं मिळणं बाद होतं.”

मी म्हणाले, “मग साक्षीदार दुसरा घ्या. समोरच्या शिंप्याला बोलवा.”

अँटेनाराव दाराशी उभे होते. “शिंप्याला नको,” ते म्हणाले. “कलम खोडा.”

“अहो, खोली जाईल तुमची,” वकीलबाई म्हणाल्या. “उद्या कोणी बाहेर काढलं तर हातात कागद नसेल.”

लेक पलीकडे बसून हे सगळे ऐकत होती. ती म्हणाली, “काका, मी काढणार नाही तुम्हाला. पण घ्या ना खोली. सही काय, कोणीही करील.”

“कोणीही नाही करू शकत,” ते म्हणाले. एवढ्या वर्षांत त्यांना मी इतक्या ठामपणे बोलताना ऐकले नव्हते. “शिंपी काय सांगणार? बाईंनी कागदावर सही केली, एवढंच ना. कलम सहा आणि सातमध्ये काय आहे त्याला माहीत आहे का? उद्या बाईंचे दीर कोर्टात उभे राहून म्हणतील, बाई भ्रमिष्ट होती, काहीबाही लिहिलं, मृत्युपत्र रद्द करा. तेव्हा कोण सांगणार की बाईनं पाहिलं ते दुसऱ्यानंही पाहिलं? मी एकटाच उरलोय. मी खोली घेतली तर म्हणतील, हा खोलीसाठी बोलतो.”

वकीलबाईंनी चष्मा काढला. डॉक्टर घड्याळाकडे पाहत होते ते बघायचे थांबले.

मी म्हणाले, “तुम्हाला काहीच उरत नाही मग.”

“मला काय हवंय,” ते म्हणाले. “खोडा.”

मी रेघ ओढली. मशीन, डिस्क आणि हत्यारे लेकीकडे जावीत.

कलम नऊ. वरील सर्व मला वाचून दाखवण्यात आले. ते माझेच आहे, माझ्या इच्छेप्रमाणे आहे. प्रत्येक पानावर आणि खोडाखोडीच्या प्रत्येक जागी मी सही केली आहे.

मृत्युपत्र करणारी: सही, कॅसेटवाल्या वहिनी

साक्षीदार पहिले: डॉक्टर, कोपऱ्यावरचा दवाखाना. मृत्युपत्र करणाऱ्या बाईंनी माझ्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीत आहेत. बटण नीट लावले.
सही

साक्षीदार दुसरे: अँटेनाराव, टीव्ही दुरुस्ती. बाईंनी माझ्यासमोर सही केली. मला या कागदातून काहीही मिळत नाही. बाईंच्या यजमानांना मी कलम सहामधील डिस्कवर पाहिले आहे, बाईंच्या शेजारी बसून, दुपारच्या उजेडात, पुष्कळदा. ते पुढे येऊन आमच्या खोलीत बघत असत. नंतर ते तिथे नव्हते. मी मशीन उघडून, लेन्स पुसून, एकेक डिस्क घालून खात्री केली. मागच्या खुर्च्या मी आधीही मोजल्या होत्या, पुन्हा मोजल्या. एक कमी होती, ते उचलून पुढे आणत ती. विचारल्यास मी हेच सांगेन.
सही

ठिकाण: दुकानामागची खोली
दिनांक: सात नोव्हेंबर, गुरुवार, दुपारी